‘आणि सहकारी’ म्हणजे कोण?

परभणीत गाण्याच्या कुठल्याही कार्यक्रमाचा फ्लेक्स बघा. उद्घाटकांचा फोटो, प्रमुख पाहुण्यांचा फोटो, मध्यभागी गायकाचा फोटो. आणि खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात, ‘आणि सहकारी’.

हे सहकारी कोण? तबल्यावर कोण बसणार? कीबोर्ड कोणाचा? बासरी कोणाची? तीन तास जे घाम गाळणार त्यांना नाव नाही. दहा मिनिटांत सत्कार घेऊन निघून जाणाऱ्यांचे नाव मात्र पदासकट.

आता त्याच रस्त्यावरचे हरिनाम सप्ताहाचे पत्रक वाचा. कीर्तनकारांचे नाव आहे. गायनाचार्यांचे आहे. मृदंगाचार्यांचे आहे. विणेकरी आहेत, चोपदार आहेत, पंगतीचे अन्नदाते आहेत. शंभर उंबऱ्यांच्या गावाला जे कळते ते जिल्ह्याच्या ठिकाणी का कळत नाही?

कागद तेवढाच लागतो. शाईही तेवढीच.

हे आज काढायला कारण आहे. जगाच्या संगीतात मागच्या खुर्चीतली माणसे पुढे येऊन गाऊ लागली आहेत. वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या गाण्यात चेलो वाजवणारा वादक एक दिवस माइक स्वतःकडे ओढतो आणि संथ, धूसर, उदास गाणी म्हणू लागतो. ऐकणारे थबकतात. इतकी वर्षे हा गप्प का होता, असे विचारतात.

गप्प नव्हता. आपण ऐकत नव्हतो.

चेलो परभणीत कोणी पाहिला आहे? फार थोड्यांनी. गुडघ्यांत धरायचे, जमिनीवर टेकवायचे, चार तारांचे मोठे वाद्य. वाजवायचे गजाने. व्हायोलिनच्या कुळातले, पण आवाज खोल, छातीतून आल्यासारखा. पुरुषाच्या गळ्याची पट्टी आणि चेलोची पट्टी बरीचशी एकच.

पाहिला नाही, पण ऐकला सगळ्यांनी आहे. आकाशवाणीच्या परभणी केंद्रावर जुनी हिंदी गाणी लागतात ना? नायक एकटा चालतोय, गायक अजून सुरू व्हायचाय, आणि खालून काहीतरी भरून येते. ते भरून येणे पुष्कळदा चेलोचे असते. गायकाचे नाव निवेदक सांगतो, संगीतकाराचे सांगतो, गीतकाराचेही सांगतो.

चेलोवाल्याचे? ते निवेदकाकडेच नाही, तर तो सांगणार कुठून?

मुंबईच्या स्टुडिओंत शंभराच्या घरातही वादक बसत. त्यांतले पुष्कळ गोव्याचे, चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले. सकाळी कागद समोर यायचा, संध्याकाळी शिफ्टचे पैसे हातात यायचे. गाणे देशभर वाजायचे. तबकडीवर त्यांचे नाव नसायचे. त्यांतले एक माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, व्हायोलिनवादक आणि शिक्षक. 1958 साली त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात मोठा वाद्यवृंद उभा करून स्वतःच्या रचना वाजवल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले.

देशाला त्यांचे नाव कळले ते 1977 साली, ‘अमर अकबर अँथनी’तल्या विनोदी गाण्यामुळे. शिष्य प्यारेलाल यांनी गुरूची आठवण म्हणून ते नाव गाण्यात घातले. लोक नाचले. हा खरा माणूस आहे, याची चौकशी कितीजणांनी केली?

आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यात बासुदेव चक्रवर्ती चेलो वाजवत. सॅक्सोफोनवाले मनोहारी सिंग यांच्याबरोबर त्यांनी ‘बासू-मनोहारी’ या नावाने 1976 सालच्या ‘सबसे बडा रुपैया’ला संगीत दिले. चेलोवाला पुढे आला की त्याला पूर्ण गाणे रचता येते, हा त्याचा पुरावा.

पुरावा होता. बाजाराने तो मागितला नाही.

आता भूपिंदर सिंग घ्या. आवाज सगळ्यांना माहीत आहे. जडशीळ, खर्जातला, रात्री एकट्याने ऐकावा असा. पण हा माणूस मुंबईत स्टुडिओतला गिटारवालाही होता. ‘दम मारो दम’मधली गिटार त्यांची. ‘चुरा लिया’मधली त्यांची. गाणे आशाबाईंचे म्हणून आपण डोक्यावर घेतले, आणि सुरुवातीला अंगावर काटा आणणारी बोटे कोणाची, हे विचारले नाही.

1964 च्या ‘हकीकत’मध्ये मदनमोहन यांनी त्यांना रफी, तलत, मन्ना डे यांच्या ओळीत उभे केले. पुढे ‘परिचय’, ‘मौसम’, ‘किनारा’, ‘घरौंदा’. मग स्वतःच्या चालीतल्या गझला, त्यांत स्पॅनिश गिटार, बेस आणि ड्रम. गझल म्हणजे हार्मोनियम आणि तबला, असे मानणाऱ्यांनी नाके मुरडली असतील. भूपिंदर गात राहिले. जुलै 2022 मध्ये मुंबईत गेले तेव्हा बातम्यांत लिहिले होते, गायक.

गिटार दुसऱ्या परिच्छेदात.

बाहेरचे उदाहरण द्यायचे तर आर्थर रसेलचे द्यावे लागेल. 1951 साली अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या एका लहान गावात जन्म. हातात चेलो. कॅलिफोर्नियात उस्ताद अली अकबर खाँ यांच्या विद्यालयात तो हिंदुस्थानी संगीत शिकला. कवी अॅलन गिन्सबर्गच्या मागे बसून त्याने साथ केली. मग न्यूयॉर्क गाठले. 1986 साली त्याची ‘वर्ल्ड ऑफ इको’ ही तबकडी आली. एक चेलो, एक पुटपुटणारा आवाज, आणि भोवती घुमणारा प्रतिध्वनी. दुसरे काही नाही.

तेव्हा ती फारशी कोणी घेतली नाही. 1992 साली, चाळिशीत, एड्सने तो गेला. घरात टेपांचा ढीग राहिला. त्यातून आजवर तबकड्या निघत आहेत आणि नव्या पिढीचे गायक त्याला गुरू मानतात. माणूस मागच्या खुर्चीत असताना त्याला ऐकणे स्वस्त असते. तेवढेही जगाने केले नाही.

त्याच्यानंतरची केल्सी लू बघा. तीही अमेरिकन, तीही चेलोवाली, तीही इतरांच्या गाण्यांना साथ देत आलेली. 2016 साली तिने ‘चर्च’ नावाची छोटी तबकडी केली, ब्रुकलिनच्या एका चर्चमध्ये. चेलो, गळा आणि पायाखाली लूपचे पेडल. पेडल दाबले की वाजवलेला तुकडा यंत्र पकडते आणि फिरवत राहते. त्यावर दुसरा तुकडा, त्यावर तिसरा, आणि वरून गाणे.

साथ करणाऱ्याची साथ कोण करणार, हा जुना प्रश्न. तिने उत्तर शोधले. स्वतःच केली.

या सगळ्यांची गाणी उदासच का, असा एक प्रश्न हमखास येतो. उत्तर वाद्यात आहे. सतारीची तार छेडली की स्वर उमटतो आणि विरायला लागतो. गजाचे तसे नाही. हात फिरत राहील तोवर स्वर उभा राहतो, हवा तेवढा लांबतो, हवा तेव्हा बारीक होतो. असा स्वर आयुष्यभर काढणाऱ्याला घाईची गाणी सुचतीलच कशी?

दुसरे उत्तर खुर्चीत आहे. साथीदाराचे अर्धे काम थांबण्याचे. गायकाला जागा द्यायची, त्याचा श्वास ऐकायचा, आपला हात आवरायचा. वीस वर्षे जो दुसऱ्यासाठी थांबला, त्याला शांततेची किंमत गायकापेक्षा जास्त कळते. म्हणून त्याच्या गाण्यात मोकळी जागा असते.

आपल्याकडे गज सारंगीचा. किराण्यात 1872 साली जन्मलेले अब्दुल करीम खाँ लहानपणी गाण्याबरोबर सारंगीही शिकले. सारंगियाला तेव्हा मान नव्हता, म्हणून त्यांनी गळा धरला, असे सांगतात. 1913 साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले, पुढे मिरजेचे झाले. त्यांच्या जुन्या तबकड्या ऐका. बारीक, लांब, भिजलेला स्वर. सारंगी सुटली, गज गळ्यातून सुटला नाही. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, आणि भीमसेन जोशी सवाई गंधर्वांचे.

म्हणजे ज्या गाण्याचा महाराष्ट्र अभिमान बाळगतो, त्याच्या मुळाशी एक सारंगीवाला आहे. त्या सारंगीला मान मिळाला का?

पंडित रामनारायण यांना विचारायला हवे होते. उदयपूरचे, आकाशवाणीतून 1949 साली मुंबईत आलेले, सिनेमांत सारंगी वाजवणारे. 1954 साली मुंबईच्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये ते पहिल्यांदा एकट्याची सारंगी घेऊन बसले. श्रोत्यांना पुढचे नामवंत कलाकार हवे होते. त्यांनी इतकी चुळबूळ केली की वादन आवरते घ्यावे लागले. सारंगी सोडून गायक व्हावे, असे रामनारायण यांच्या मनात आले.

ते टिकले. 1956 साली पुन्हा बसले आणि ऐकले गेले. पुढे जगभर वाजवले, 2005 साली पद्मविभूषण मिळाले, नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबईत गेले. पुस्तकांत त्यांचा गौरव आहे. 1954 च्या त्या श्रोत्यांबद्दल कोणी लिहीत नाही. ते श्रोते अजून आहेत. पहिल्या रांगेत बसतात आणि घड्याळ बघतात.

मराठीत प्रभाकर जोग झाले. नगर जिल्ह्यातल्या हरेगावचा जन्म. सुधीर फडके यांच्या मागे, गीतरामायणाच्या शेकडो कार्यक्रमांत, त्यांचे व्हायोलिन. ‘स्वर आले दुरुनी’ची चालही त्यांचीच. मग त्यांनी ‘गाणारे व्हायोलिन’ म्हणून स्वतंत्र कार्यक्रम आणि ध्वनिमुद्रिका केल्या. शब्द नसताना शब्द ऐकू येतील असे वाजवायचे. 2021 साली पुण्यात गेले. साथीदार पुढे आला तर मराठी माणूस तिकीट काढून ऐकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

मग दुसरा जोग का दिसत नाही? कारण स्ट्रिंग्जचे काम आता कीबोर्डच्या एका बटणावर होते. मुंबईच्या स्टुडिओंत वादकांचे ताफे गेल्या शतकाच्या शेवटी आटले. ऑर्केस्ट्रांनी तेच केले. बटणाला प्रवासखर्च द्यावा लागत नाही. बटण कधी पुढे येऊन गाणारही नाही.

इथे कोणीतरी म्हणणारच. ही रडकी गाणी परभणीत कोण ऐकणार? आपला जिल्हा शेतकऱ्यांचा. आपल्याला डीजे हवा.

खरेच? स्टेशन रोडच्या खोल्यांत भरतीची आणि एमपीएससीची तयारी करणारी पोरे रात्री एक वाजता कानात काय लावून बसतात, ते एकदा विचारा. सोयाबीनचा भाव, बापाचे कर्ज, पुढे ढकललेली परीक्षा. दुःख त्यांच्याकडे घरचे आहे. त्यावर हळू आवाजात म्हटलेले गाणे ती शोधतात, आणि ते त्यांना बहुतेक वेळा हिंदीत किंवा इंग्रजीत सापडते.

मराठीत ते कमी सापडते, ही लाज श्रोत्याची नाही.

दुसरा एक गट म्हणेल, हे सगळे आपल्याकडे आधीच होते. तिकडे ब्रायन ईनोने 1978 साली विमानतळासाठी संथ संगीत केले आणि त्याला ‘अँबियंट’ म्हटले, आपला तंबोरा तर शतकांपासून घुमतोय. बरोबर. मग सांगा, गेल्या मैफलीत तंबोऱ्यावर कोण बसले होते? नाव?

अभिमान तंबोऱ्याचा आणि तंबोरा धरणारा अनोळखी. हा अभिमान कामाचा नाही.

परभणीला खरे तर कोणाकडून शिकायची गरज नाही. गोंधळ बघा. नाईक कथा लावतो, मागचे झील धरतात, तुणतुण्याची एक तार रात्रभर चालू. परभणीच्या राजाराम कदम यांनी हा गोंधळ जिल्ह्याबाहेर दूरवर नेला. गोंधळ्याचे पोर मागे उभे राहून, झील धरून तयार होते. आजचा झिलकरी उद्याचा नाईक, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असते. म्हणून मागच्याला कोणी कमी लेखत नाही.

आणि गंगाखेडला जा. गोदाकाठच्या या गावची जनाबाई. पंढरपुरात नामदेवांच्या घरी दळण, कांडण, झाडलोट करणारी. घर नामदेवांचे, कीर्तन नामदेवांचे, कीर्ती नामदेवांची. ती मागच्या खोलीत. जात्याची घरघर हाच तिचा तंबोरा. त्या घरघरीवर तिने स्वतःचे गाणे म्हटले. एकटेपणाचे, थकव्याचे, देवाशी भांडणाचे, देवाला जवळ ओढण्याचे. साडेतीनशेच्या आसपास अभंग तिच्या नावावर आहेत.

आणि नाव तिने सोडले नाही. अभंगाच्या शेवटी तिची मुद्रा असते. स्वतःला नामयाची दासी म्हटले, पण पुढे ‘जनी’ लिहिलेच. सातशे वर्षांपूर्वी एका मोलकरणीने स्वतःची श्रेयनामावली स्वतः घातली.

तिच्याच जिल्ह्यात आज तबलजी ‘आणि सहकारी’ आहे.

नाव म्हणजे मानपानाची हौस, असे कोणाला वाटत असेल तर कायदा वाचा. 2012 साली कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला. कलाकाराच्या व्याख्येत वादक आहेच. व्यावसायिक वापर झाला तर कलाकाराला रॉयल्टी, असेही आले. पण त्याच दुरुस्तीत एक पाचर मारलेली आहे. चित्रपटात ज्याचे काम किरकोळ किंवा प्रासंगिक, आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, त्याला कलाकार मानायचे नाही. त्याच्या हातात उरतो तो फक्त कामाची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा हक्क.

नीट बघा. आधी रिवाज म्हणून नाव छापायचे नाही. मग नाव नाही म्हणून हक्क नाही. हा रिवाज पाळणाऱ्यांत आपला फ्लेक्सही आला.

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आपण हसत सांगतो. वादकांच्या बाबतीत ती रोज खरी होते. पोरगा मुंबईला जातो, पुण्याला जातो, चार वर्षे शिफ्टवर वाजवतो. बनले तर बनले. नाही तर परत येतो, शिकवण्या घेतो, लग्नाच्या सीझनला ऑर्केस्ट्रात बसतो. त्याच्या बोटांत दोनशे गायकांची गाणी असतात. त्याचे स्वतःचे एखादे गाणे आहे का, हे विचारणारा कोणी भेटत नाही.

विचारले तर काय सापडेल? कदाचित काही नाही. प्रत्येक साथीदार भूपिंदर नसतो, हे मान्य. प्रत्येक गायकही रफी नसतो, तरी त्याचा फोटो हातभर असतोच ना?

तेव्हा गणेश मंडळे, महाविद्यालये, सांस्कृतिक समित्या आणि दिवाळी पहाट भरवणारे यांना सरळ सांगणे आहे. एक, फ्लेक्सवर प्रत्येक वादकाचे नाव वाद्यासकट छापा. दोन, ठरलेले मानधन त्याच रात्री, कार्यक्रम संपल्यावर हातात द्या, पुढच्या आठवड्याचा वायदा नको. तीन, वर्षातून एक संध्याकाळ साथीदारांना द्या. बी. रघुनाथ यांच्या नावाचे सभागृह या शहरात आहे. अवघ्या चाळीस वर्षांचे आयुष्य मिळालेल्या कवीच्या नावाच्या त्या सभागृहात एखादा पेटीवाला स्वतःचे उदास गाणे म्हणेल, तर आक्षेप कोणाला?

आकाशवाणीलाही हेच. गाणे लावताना वादकाचे नाव माहीत असेल तर सांगा. पाच सेकंद लागतात.

आणि वाचकहो, तुम्हाला फक्त एकच काम. पुढच्या कार्यक्रमात निवेदक गायकाचे कौतुक करून थांबला की हात वर करा आणि विचारा, तबल्यावर कोण आहेत, पेटीवर कोण आहेत. नावे सांगेपर्यंत हात खाली घेऊ नका.